ठावठिकाण्याला कुलूप कसं लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार्यालयाच्या इमारतीत दारांवर कार्ड-रीडर आहेत, छताला वायफायचे अॅक्सेस पॉइंट आहेत, खोल्यांमध्ये माणसांची चाहूल घेणारे सेन्सर आणि काही ठिकाणी कॅमेरे आहेत, आणि सगळ्यांची कॅलेंडरं एकाच सर्व्हरवर आहेत. या सगळ्यावर मिळून एक सेवा उभी केली आहे. ‘अमुक माणूस आत्ता कुठे आहे’ असं विचारलं की ती सांगते. लॉगिन आहे, भूमिका ठरलेल्या आहेत, कोणाला काय दिसेल याचा तक्ता आहे. तरी माणसं अस्वस्थ आहेत, आणि विचारणाऱ्याला कळत नाही की आणखी कुठलं कुलूप लावायचं राहिलं.

अशा व्यवस्था बांधण्यात, आणि त्याहून जास्त वेळ इतरांनी बांधलेल्या दुरुस्त करण्यात, माझी बरीच वर्षं गेली. माझं उत्तर असं: तुम्ही उपकरणांना कुलपं लावलीत आणि माहिती मोकळी राहिली. ऐकायला हे सोपं वाटतं, करायला घेतलं की जागोजागी अडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तक्त्यापासून सुरुवात करू. त्याची कल्पना जुनी आहे. बटलर लॅम्पसन यांनी ती १९७१ मध्ये मांडली: एका बाजूला मागणारे, दुसऱ्या बाजूला वस्तू, आणि प्रत्येक चौकटीत कोणाला कशावर काय अधिकार ते लिहायचं. पुढे १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी भूमिकांवर आधारलेली पद्धत मांडली. तिच्यात माणसांच्या जागी पदं आली आणि तक्ता आटोपशीर झाला. फाइलींच्या जगात हे सगळं छान चालतं. फाइल एका जागी असते, तिचा एक मालक असतो, आणि तिच्याकडे जाणारी वाट ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारातूनच जाते. दारावर पहारेकरी बसवला की झालं.

माणसाच्या ठावठिकाण्याचं तसं नाही. तो कुठल्या एका फाइलीत नसतोच. कार्ड-रीडरला तो माहीत असतो, वायफायला माहीत असतो, कॅमेऱ्याला दिसतो, कॅलेंडरात लिहिलेला असतो, आणि प्रिंटरलाही कळतो, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरमधून दोन मिनिटांपूर्वी कागद उचलणारा माणूस आत्ता तिसऱ्या मजल्यावरच असणार. एका संस्थेत मला अशीच एक व्यवस्था तपासायला बोलावलं होतं. ठावठिकाणा सांगणारी सेवा अगदी चोख होती. परवानगी नसेल तर ती एक अक्षर बोलत नसे. पण कॅलेंडर सगळ्यांना उघडं होतं, कारण ‘बैठक ठरवायची तर कोण मोकळं आहे ते दिसायला नको का?’ आणि त्या कॅलेंडरात बैठकीच्या वेळेशेजारी खोलीचा क्रमांकही दिसत होता. पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. गंमत म्हणजे दोन्ही दारं एकाच चमूने बसवली होती. फक्त वेगवेगळ्या वर्षी.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या उर्स हेंगार्टनर आणि पीटर स्टीनकिस्ट यांनी २००४-०५ च्या सुमारास नेमक्या याच दुखण्यावर काम केलं. त्यांच्या कामातून मी उचललेला भाग असा: परवानगी सेवेच्या नावावर न देता माहितीच्या नावावर द्यायची. ‘कॅलेंडर वाचायचा अधिकार’ आणि ‘ठावठिकाणा सेवा वापरायचा अधिकार’ असे दोन सुटे अधिकार ठेवले की कोणीतरी एक द्यायचा आणि दुसरा विसरायचा. त्याऐवजी ‘अमुक व्यक्तीचा ठावठिकाणा’ हीच एक गोष्ट मानायची, आणि ती ज्या ज्या वाटेने बाहेर पडू शकते त्या प्रत्येक वाटेवर तोच अधिकार तपासायचा. कॅलेंडरच्या नोंदीत खोली असेल तर त्या नोंदीत ठावठिकाणा आहे. मग वाचणाऱ्याकडे ठावठिकाण्याचा अधिकार नसेल, तर खोली झाकून बाकीची नोंद दाखवायची.

यासाठी आधी कागदावर बाणांचं चित्र काढावं लागतं. कुठल्या माहितीवरून कुठली माहिती निघते? कॅलेंडरवरून ठावठिकाणा. वायफायवरून ठावठिकाणा. कॅमेऱ्याच्या चित्रावरून ठावठिकाणा, आणि शिवाय सोबत कोण होतं हेही. दोघांच्या ठावठिकाण्यांवरून त्यांची भेट. हे चित्र भिंतीवर लावून बसलं की पहिल्या दिवशी दहा बाण सापडतात आणि आठवड्याने चाळीस. सगळ्यात फसवे बाण असतात ते निरुपद्रवी दिसणाऱ्या आकड्यांपासून निघणारे. विजेच्या मीटरचंच घ्या. जॉर्ज हार्ट यांनी १९९२ च्या आपल्या लेखात दाखवलं की घराच्या एकाच मुख्य जोडणीवर वीज किती खेचली जाते याचे चढउतार पाहिले, तर आतलं कुठलं उपकरण केव्हा सुरू झालं आणि केव्हा बंद, हे ओळखता येतं. म्हणजे मीटरवाचनाचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याला घरातली माणसं केव्हा उठतात, केव्हा झोपतात आणि केव्हा गावाला जातात हे सांगावं लागत नाही. तुमच्या इमारतीत दिव्यांचे आणि वातानुकूलनाचे आकडे ‘तांत्रिक माहिती’ म्हणून सगळ्यांना खुले असतील, तर तेही या चित्रात घ्या.

सगळे बाण बुजवता येणार नाहीत, हेही आताच सांगून टाकतो. प्रत्येक नव्या सेन्सरबरोबर नवे बाण येतात. निदान नवी सेवा जोडताना ‘हिच्यातून आणखी काय काय निघतं?’ हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे अशी रीत बसवा. मी तो प्रश्न मंजुरीच्या अर्जातच घालून ठेवला होता. निम्मे लोक तिथे ‘काही नाही’ लिहीत, पण उरलेल्या निम्म्यांनी लिहिलेलं वाचण्याजोगं असे.

आता मालकीकडे वळू. ‘अमुक कुठे आहे’ या प्रश्नाच्या उत्तराचा धनी तो अमुक, एवढं तरी ठीक दिसतं. पण ‘खोली क्रमांक तीनमध्ये कोण कोण आहे’ असं विचारलं तर? इथे प्रश्न खोलीबद्दल आहे आणि उत्तर माणसांबद्दल. खोलीची जबाबदारी असलेल्याने ‘हो’ म्हटलं म्हणून आतल्या चौघांनीही ‘हो’ म्हटलं असं होत नाही. त्यामुळे अशा प्रश्नाला दोन चाळण्या लागतात: खोलीचे नियम आणि प्रत्येक माणसाचे नियम. ज्याचा नियम नाही म्हणतो, त्याचं नाव उत्तरातून गळतं. मात्र ‘चार माणसं आहेत, त्यातल्या तिघांची नावं ही’ असं उत्तर दिलंत, तर चौथा कोण हे शोधायला कोणाला फार डोकं लागणार नाही. एक तर आकडाही झाका, नाहीतर फक्त आकडाच सांगा.

नियम कोणी लिहायचे, हे त्या जागेवर ठरतं. इस्पितळात डॉक्टरचा ठावठिकाणा परिचारिकेला कळावा की नाही हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडता येत नाही, ते संस्थेने ठरवायचं. विद्यापीठात किंवा साध्या कार्यालयात मात्र ज्याचा त्याने ठरवावं, आणि संस्थेने फक्त बाहेरची सीमा आखावी. तुमच्याकडची अस्वस्थता माझ्या मते इथूनच येते. तक्ता माहिती-तंत्रज्ञान विभागाने लिहिला आणि ज्यांची माहिती त्यात आहे त्यांना तो दाखवलाही नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातच एक पर्याय दडलेला आहे. मार्क वायझर यांनी १९९१ च्या सप्टेंबरात सायंटिफिक अमेरिकनमध्ये लेख लिहून अशा जगाचं चित्र रंगवलं, जिथे संगणक टेबलावरून उठून भिंतींत, दारांत आणि कपड्यांत विरून जातील. त्याच सुमारास केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅक्टिव्ह बॅज बनवला. छातीवर लावायचा बिल्ला, जो साधारण दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपला क्रमांक ओरडून सांगायचा. खोल्यांतले सेन्सर तो ऐकायचे, आणि मध्यवर्ती यंत्रणेला कोण कुठे आहे ते कळायचं. फोन आला की टेलिफोन ऑपरेटर तो माणूस जिथे असेल तिथे जोडून द्यायची. सोय मोठी होती. पण रचना अशी होती की आधी इमारतीला सगळ्यांचं सगळं कळणार, आणि मग ते कोणाला सांगायचं याचा विचार होणार.

यावर दोन वेगळी उत्तरं आली आणि दोन्ही आजही उपयोगी आहेत. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातल्या माइक स्प्रायट्झर आणि मार्व्हिन थाइमर यांनी १९९३ मध्ये सुचवलं की प्रत्येक माणसाचा स्वतःचा एक प्रतिनिधी-प्रोग्राम असावा. त्याची माहिती त्या प्रतिनिधीकडे जमा व्हावी, आणि कोणाला काय सांगायचं हे त्यानेच ठरवावं. दुसरं उत्तर एमआयटीत २००० मध्ये आलेल्या क्रिकेट या प्रणालीचं. तिने कान उलट्या बाजूला लावले. भिंतीवरची उपकरणं रेडिओ आणि अल्ट्रासाउंडने ‘मी अमुक खोली’ एवढंच घोषित करतात, आणि माणसाजवळचं उपकरण ते ऐकून आपण कुठे आहोत हे स्वतः काढतं. इमारतीला काही कळतच नाही. जीपीएसही तसंच आहे. उपग्रहाला तुमचा पत्ता ठाऊक नसतो. तो तुमच्या फोनला कळतो आणि चहाडी करतं फोनमधलं अॅप.

म्हणून तक्ता लिहिण्याआधी मी नेहमी विचारतो: ही माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर मुळात यायला हवी का? जी माहिती गोळाच केली नाही, तिच्यावर पहारा ठेवावा लागत नाही, ती चोरीला जात नाही आणि कोर्टाने मागितली तरी देता येत नाही. बैठकीची खोली रिकामी आहे का एवढंच हवं असेल, तर चाहूल घेणारा सेन्सर पुरतो. तिथे चेहरे ओळखणारा कॅमेरा लावणं म्हणजे डास मारायला तोफ. दिवे लावायचे असतील तर खोलीतल्या खोलीत निर्णय घेता येतो. ती बातमी सर्व्हरपर्यंत जायचं कारण नाही.

आता माझ्या आवडत्या आणि सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या मुद्द्याकडे येतो: ‘नाही’ हे उत्तरसुद्धा माहिती असते.

समजा एखाद्याने नियम लिहिला: ‘मी कार्यालयात असेन तेव्हाच सहकाऱ्यांना माझा ठावठिकाणा दिसू दे.’ समंजस नियम आहे. मी पाहिलेल्या बहुतेक लोकांना हाच हवा असतो. पण सहकाऱ्याने विचारलं आणि ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं, की त्याला कळलं: हा कार्यालयात नाही. जे लपवायचं होतं तेच नकाराने सांगून टाकलं. याहून नाजूक प्रकार असा की अट एका माहितीवर असते आणि अधिकार दुसऱ्या माहितीवर. ‘मी बैठकीच्या खोलीत असेन तेव्हा माझ्या टिपणांची फाइल चमूला उघडी असू दे.’ चमूतल्या एखाद्याला ठावठिकाण्याचा काही अधिकार नाही. पण तो दर पाच मिनिटांनी फाइल उघडून पाहतो. उघडली तर हा खोलीत आहे, नाही तर नाही. फाइलच्या आडून त्याने ठावठिकाणा मिळवला.

यावर नियम साधा आहे, पाळणं कठीण आहे. ज्या माहितीवर अट घातली, ती माहिती जाणण्याचा अधिकार मागणाऱ्यालाही असला पाहिजे. नसेल, तर ती अट त्याच्यापुरती वापरायची नाही. हे यंत्राने तपासता येतं आणि तपासावं. नियम लिहिला जातानाच ‘या अटीमुळे अमुक लोकांना तुमचा ठावठिकाणा कळू शकेल’ असा इशारा द्यायचा. नंतर, उल्लंघन झाल्यावर, त्याचा उपयोग नाही.

दुसरा उपाय उत्तरांच्या भाषेत आहे. मी बांधलेल्या शेवटच्या प्रणालीत परवानगी नाही, फोन बंद आहे, सिग्नल मिळाला नाही, माणूस इमारतीबाहेर आहे, या चारही प्रसंगी एकच उत्तर जायचं: ‘माहिती उपलब्ध नाही.’ झाकली मूठ झाकलेलीच राहिली पाहिजे. यावर सपोर्टवाल्यांनी माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं, कारण तक्रार आली की त्यांना कारण कळेना. त्यांचंही बरोबर होतं. शेवटी खरं कारण फक्त त्या माहितीच्या धन्यालाच दिसेल, आणि त्याने स्वतः दाखवलं तर सपोर्टला दिसेल, अशी सोय केली. आणखी एक चूक आमच्या हातून झाली होती. उत्तर चारही वेळी सारखं होतं, पण वेळ वेगळा लागायचा. नकार चटकन यायचा आणि ‘सिग्नल नाही’ला तीन-चार सेकंद लागायचे. ज्याला शोधायचं असतं तो घड्याळही पाहतो.

हे ‘माहिती उपलब्ध नाही’ सामाजिक दृष्टीनेही मोलाचं आहे. फोन उचलला नाही तर ‘दुसऱ्या खोलीत होता’ म्हणायची मोकळीक माणसांनी कायम ठेवलेली आहे. यंत्राने ‘अमुकने तुम्हाला परवानगी नाकारली आहे’ असं ठणकावून सांगितलं तर ती मोकळीक जाते, आणि नाकारणं एवढं महाग होतं की लोक नाइलाजाने परवानगी देऊन टाकतात. अशा दबावाखाली दिलेल्या परवानगीला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

धूसर उत्तराबद्दल. ‘नेमकी खोली सांगू नका, मजला सांगा’ हा मार्ग सगळ्यांना सुचतो. फोनमध्येही आता तो आहे. आयओएस १४ मध्ये, २०२० साली, अंदाजे स्थान देण्याची सोय आली आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइड १२ मध्ये. तो ठेवा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. सनी कॉन्सोल्व्हो आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात लोकांनी ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या: कोण विचारतंय, का विचारतंय, आणि त्याच्या कामाला किती तपशील पुरेल. मुद्दाम धूसर उत्तर देण्यापेक्षा लोक एक तर उपयोगी उत्तर देत किंवा काहीच देत नसत. माझाही अनुभव तोच आहे. म्हणून धूसरपणाचे सात स्तर देणारा पडदा बनवू नका. तो कोणी उघडत नाही.

धूसर करायचंच असेल तर नीट करा. दर वेळी नवा यादृच्छिक फरक मिसळला, तर विचारणारा शंभरदा विचारून सरासरी काढतो आणि फरक धुऊन जातो. ठरलेल्या चौकटींची जाळी घ्या आणि माणूस ज्या चौकटीत आहे तेवढीच सांगा. ‘फक्त अंतर सांगतो, दिशा नाही’ असं म्हणणारी अॅप्सही फसली आहेत. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून अंतर विचारलं की तीन वर्तुळं एका बिंदूत छेदतात, हे शाळेच्या भूमितीत येतं.

आणि ‘नावं काढून टाकली, आता माहिती निनावी झाली’ हे तर विसराच. इव्ह-अलेक्झांडर द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख माणसांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. वेळ आणि जागा अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तर ९५ टक्के माणसं त्या गर्दीतून एकटी वेगळी काढता येत होती. माणूस रात्री कुठे झोपतो आणि दिवसा कुठे बसतो एवढ्यातच त्याचं नाव जवळजवळ लिहिलेलं असतं. क्षेत्र इतकं मोठं करायचं की त्यात निदान अमुक इतकी माणसं असतील, ही ग्रुटेसर आणि ग्रुनवाल्ड यांची २००३ ची कल्पना चांगली आहे. पण ती सगळी माणसं एकाच इस्पितळाच्या एकाच विभागात असतील, तर कोण हे न कळताही काय ते कळतंच. माणसं एकत्र मिसळली म्हणूनही सगळं लपत नाही. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अॅपने जगभरच्या धावण्याच्या वाटांचा एकत्रित नकाशा काढला. त्यावर कोणाचंही नाव नव्हतं. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की निर्जन प्रदेशात उजळलेल्या रेघा म्हणजे लष्करी तळ आहेत.

याच्याच जवळची एक फट तुमच्या तक्त्यात नक्की असेल. ‘आत्ता कुठे आहे’ हा अधिकार तुम्ही दिला आणि ‘गेल्या महिन्यात कुठे होता’ हा नाही दिला, असं समजून निश्चिंत झालात. ज्याला पहिला अधिकार आहे तो दर मिनिटाला विचारून दुसरा स्वतः तयार करतो. इतिहास वर्तमानापेक्षा कितीतरी धोक्याचा असतो, कारण त्यातून सवयी दिसतात. विचारण्याच्या संख्येला मर्यादा घाला. आणि कोणी सतत विचारत असेल तर ते ज्याच्याबद्दल विचारलं जातंय त्याला दिसू द्या.

सेवांच्या साखळीबद्दल थोडक्यात. तुमच्याकडे अॅप एका सेवेला विचारतं, ती दुसरीला, दुसरी तिसरीला. मधल्या सेवेला सगळ्यांचं सगळं वाचायचा अधिकार दिलेला असतो, कारण ‘तिला काम करायचंय’. मग जो कोणी तिला गोड बोलून विचारेल त्याला ती स्वतःच्या अधिकारावर उत्तर आणून देते. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये याला गोंधळलेला मुनीम म्हणावं अशा अर्थाचं नाव दिलं होतं आणि दुखणं अजून तेच आहे. उपाय असा की मूळ मागणाऱ्याचा अधिकार टोकनच्या, म्हणजे छोट्या डिजिटल परवान्याच्या, रूपाने शेवटपर्यंत सोबत जाऊ द्या, आणि शेवटच्या सेवेने तोच तपासावा. टोकन असं हवं की वाटेतल्या कोणालाही ते आणखी अरुंद करता यावं, रुंद मात्र करता येऊ नये. गूगलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेली ‘मॅकरून’ नावाची टोकनं याच जातीची आहेत. मुदत लहान ठेवा, काही मिनिटांची. अधिकार काढून घेतल्याची बातमी झोपलेल्या उपकरणांपर्यंत वेळेवर पोचेल या आशेवर राहू नका.

उपकरणांचं स्वतःचं कुलूप हा पाया आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण त्यावर सगळेच लिहितात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून कॅमेरे आणि व्हिडिओ रेकॉर्डर ढिगाने ताब्यात घेतले होते. तुमच्या छतावरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून तोच असेल, तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही.

माझ्या पाहण्यातला सगळ्यात वाईट गैरवापर मात्र बाहेरच्या चोरांनी केलेला नाही. तो अधिकार असलेल्यांनी केला. कुंपणच शेत खातं. एका ठिकाणी एका व्यवस्थापकाने हाताखालच्या बाईंच्या विश्रांतीच्या वेळा महिनाभर टिपून ठेवल्या होत्या. प्रत्येक वेळी त्याला परवानगी होती, प्रत्येक तपासणीत तो पास झाला. घरांमध्ये तर ज्याच्या नावावर खातं, त्याला सगळ्यांचं सगळं दिसतं. कोण केव्हा आलं, दार कितीदा उघडलं, आवाज कोणाचा होता. बाकीच्यांना काहीच दिसत नाही. इथे तक्ता हतबल आहे, कारण तक्त्याप्रमाणे सगळं रीतसर चाललेलं असतं.

इथे उपयोगी पडते ती सममिती: जो मला पाहतो, त्याने पाहिलं हे मला दिसलं पाहिजे. विचारणाऱ्याचं नाव, वेळ, आणि त्याने काय विचारलं, हे ज्याची माहिती त्याच्या पडद्यावर. कुठल्यातरी विभागाच्या कपाटात पडलेल्या लॉगमध्ये ते असून भागत नाही. त्या व्यवस्थापकाच्या कार्यालयात ही सोय सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारण्या झपाट्याने घटल्या. कोणाचाही अधिकार काढून घेतला नव्हता. मे २०२४ मध्ये अॅपल आणि गूगल यांनी मिळून, अनोळखी ब्लूटूथ ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतोय असा इशारा दोन्ही प्रकारच्या फोनांवर द्यायला सुरुवात केली. तीही याच तत्त्वाची पावती. फक्त लक्षात ठेवा की ही पाहणाऱ्यांची नोंदवहीसुद्धा संवेदनशील असते. कोणी कोणाला शोधलं यावरून बरंच काही समजतं. ती थोडे दिवस ठेवा आणि पुसून टाका.

आणीबाणीसाठी एक काच ठेवा, जी फोडता येईल. आग लागली, कोणी बेशुद्ध पडलं, तर सुरक्षा कर्मचाऱ्याने परवानगीची वाट पाहू नये. त्याने काच फोडावी, कारण लिहावं, आणि ज्याचा ठावठिकाणा पाहिला त्याला नंतर आपोआप कळवलं जावं. काच वारंवार फुटत असेल, तर नियम चुकले आहेत किंवा माणूस.

सुरुवातीच्या नियमांबद्दल शेवटचं. नव्वद पानी पर्याय दिले तरी बहुतेक लोक सुरुवातीला जे असेल तेच ठेवतात. म्हणून सुरुवात बंद दाराने करा, आणि गरज पडेल त्या क्षणी विचारा. अँड्रॉइड ६ ने २०१५ मध्ये परवानग्या अॅप बसवताना एकदम घेण्याऐवजी वापरताना मागायला सुरुवात केली, ती योग्य दिशा होती. ‘आजच्या दिवसापुरतं’, ‘या बैठकीपुरतं’ असे पर्याय वर ठेवा, ‘कायमचं’ सगळ्यात खाली. आणि एक बटण असं द्या की ते दाबलं की सगळं बंद, कारण न विचारता.

तुम्ही पुढच्या आठवड्यात काय करावं? नवा तक्ता लिहू नका. दोन हुशार माणसं बसवा, शक्यतो प्रणाली न बांधलेली. त्यांना कुठलाही विशेष अधिकार नसलेलं साधं खातं द्या, आणि एक दिवसभर तिसऱ्या एका माणसाचा ठावठिकाणा शोधायला सांगा, अर्थात त्याच्या संमतीने. फोडाफोडी करायची नाही, जे पडदे सगळ्यांना दिसतात तेवढेच वापरायचे. ठावठिकाणा सेवा त्यांना हात लावू देणार नाही. तरी मी हा प्रयोग जिथे जिथे केला, तिथे पहिली वाट दुपारच्या आतच सापडली. संध्याकाळी त्यांनी लिहून आणलेल्या यादीतली प्रत्येक ओळ तुमच्या चित्रातला सुटलेला बाण असेल. काम तिथून सुरू करा.